नव्या बॅटऱ्या, दुरुस्त केलेला अल्टरनेटर, तरीही सकाळी सेल्फ ओढत नाही

डिचोलीचा टिप्परवाला:
नमस्कार. माझा दहा चाकी डिझेल टिप्पर २४ व्होल्टचा आहे, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या आहेत. हंगामात खनिजाच्या खेपा असतात. पावसाळ्यात खनिज वाहतूक बंद झाली की चिरे, खडी असे मिळेल ते भाडे घेतो, त्यामुळे गाडी दोन दिवस चालते आणि तीन दिवस उभी राहते. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. त्यानंतर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) उतरवून त्याचे कार्बन (आतल्या रोटरला करंट देणारे ब्रश) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) बदलून घेतला, बेल्टही नवा आहे. इंजिन सुरू होताच चार्जिंगचा दिवा विझतो. असे असूनही गाडी दोन रात्री उभी राहिली की सेल्फ जेमतेम फिरतो, आणि पावसात हेडलाइट व वायपर लावून चोर्ला घाटातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी धक्का मारावा लागतो. ड्रायव्हरचे म्हणणे आहे की जास्त अँपियरचा अल्टरनेटर बसवावा. तो विकत घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना वायरमन, फोंडा:
भाऊ, चार्जिंगचा दिवा विझला यावरून अल्टरनेटर वीज तयार करू लागला इतकेच कळते. ती बॅटरीपर्यंत पोहोचते की नाही, हे तो दिवा सांगत नाही. त्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरच्या डी प्लस या दिव्यासाठीच्या टर्मिनलला असते, आणि दोन्ही टोकांना जवळपास सारखे व्होल्टेज आले की तो विझतो. बहुतेक गाड्यांत याच दिव्यातून जाणारा थोडासा करंट सुरुवातीला रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाला) चुंबकत्व देतो, म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा पेटलाच पाहिजे. तुमचा पेटतो आहे, तेव्हा ती बाजू तूर्त सोडून देऊ.

मल्टिमीटर घेऊन सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. दोन्हींची बेरीज बघून समाधान मानू नका. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास आली म्हणजे ती जवळपास अर्धी उतरलेली असते. मग इंजिन सुरू करून, हेडलाइट, वायपर आणि केबिनमधले सर्व लावून, इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर ठेवा आणि अल्टरनेटरच्या बी प्लस टर्मिनलवर (जिथून चार्जिंगची जाड तार निघते) व त्याच्याच बॉडीवर मोजा, २७.५ ते २८.५ व्होल्ट मिळायला हवेत. त्यानंतर लगेच, त्याच लोडवर, बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर मोजा. दोन्हींत फरक आढळला तर तो वाटेत कुठे हरवतो हेही मीटरच सांगतो: एक काडी बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली की प्लसच्या तारेतला लॉस थेट वाचता येतो, आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजले की अर्थिंगचा, म्हणजे इंजिन आणि चासीतून परतणाऱ्या वाटेचा. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या वर गेले तर मी तरी ते सोडणार नाही.

उसगाव तिस्क:
आमच्याकडे सोपी रीत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे. इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर ठीक. मीटरची गरजच भासत नाही.

जुना वायरमन, फोंडा:
ही रीत कृपया कोणीही वापरू नये. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळते आणि रेग्युलेटर, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), तसेच ज्या गाडीत इंजिनाचा कंट्रोलर आहे तिचा तो कंट्रोलरही जळू शकतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला चालू राहायला वीज लागत नाही, त्यामुळे अल्टरनेटर मेलेला असला तरी ते चालूच राहील. म्हणजे नुकसानीचा धोका पत्करूनही या परीक्षेतून काहीच कळत नाही. डायोडची शंका असेल तर मीटर एसी व्होल्टवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या मापावर) ठेवून चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसले तर डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागणे, हीही डायोडमधून करंट उलटा वाहत असल्याची खूण आहे.

डिचोलीचा टिप्परवाला:
सांगितल्याप्रमाणे मोजले. सकाळी ज्या बॅटरीची मायनस चासीला आहे ती १२.१ आणि दुसरी १२.६. लोडवर अल्टरनेटरपाशी २८.१, पण बॅटऱ्यांपाशी फक्त २६.८, त्यात चासीकडची १२.९ आणि दुसरी १३.९. प्लसच्या तारेत ०.४ आणि अर्थिंगच्या बाजूला ०.९ व्होल्टचा लॉस. एसी ०.१ च्या आत आहे आणि अल्टरनेटर सकाळी थंड असतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली: दुसऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावे लागते, चासीकडचीत क्वचितच.

जुना वायरमन, फोंडा:
आकडे इतके स्वच्छ क्वचितच मिळतात. ०.४ आणि ०.९ मिळून तुमचा १.३ व्होल्टचा फरक पूर्ण भरतो. रेग्युलेटर स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज बघतो, तिथे २८.१ असल्यामुळे त्याच्या दृष्टीने काम झालेले असते, आणि बॅटऱ्या मात्र २६.८ वर अर्धपोटी राहतात. अशा गाडीला मोठा अल्टरनेटर बसवला तरी तो त्याच वाईट जोडातून करंट ढकलणार.

अर्थिंगचा लॉस आता तुकड्यांत मोजा: अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत, ब्लॉकपासून चासीपर्यंत, चासीपासून मायनसपर्यंत. माझा संशय पहिल्या तुकड्यावर आहे. दुरुस्तीनंतर अल्टरनेटरच्या बॉडीला आणि ब्रॅकेटला रंग मारून दिला असेल तर बोल्टाखाली तो रंगच बसतो, आणि अशा अल्टरनेटरची मायनस तर त्याच बोल्टांतून जाते. (वेगळी मायनस तार असलेले अल्टरनेटरही असतात, तसा असेल तर त्या तारेचा लग, म्हणजे टोकाचा धातूचा जोड, आधी बघावा.)

दुसरे दुखणे याहून निराळे आहे. केबिनमधला पंखा, म्युझिक, मोबाइल चार्जर किंवा जीपीएस यांसाठी १२ व्होल्टची तार एकाच बॅटरीवरून घेतली आहे का?

डिचोलीचा टिप्परवाला:
होय. पंखा आणि म्युझिक चासीकडच्या बॅटरीवरूनच आहेत. खनिजाच्या गाडीला लावलेला जीपीएसही तिथेच जोडला आहे. पूर्वीच्या बॅटऱ्यांतलीही तीच आधी गेली होती. बॅटरी सदोष होती असे मी समजलो.

जुना वायरमन, फोंडा:
मग तीच का उतरते, याचे उत्तर तुमच्या तारेतच आहे. अल्टरनेटरचा करंट दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच जातो, पण खर्च एकीचाच होतो. रेग्युलेटरला फक्त बेरीज कळते. एक बॅटरी १३.९ वर आणि दुसरी १२.९ वर आहे हे त्याला दिसत नाही. त्यामुळे चासीकडची कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. आता मीटर अँपियरवर ठेवून, सर्व काही बंद असताना, त्या १२ व्होल्टच्या तारेत मध्ये लावून बघा. मीटर असा लावलेला असताना त्या तारेवरचे जास्त करंट खेचणारे सामान मात्र चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडू शकतो.

वाळपई:
थोडे विषयाला धरूनच सांगतो. माझ्या १२ व्होल्टच्या टेम्पोत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे. त्याचे सील गळून तेल आत शिरले आणि कार्बन व स्लिप रिंग (कार्बन जिच्यावर घासतो ती कडी) वारंवार खराब होत राहिले. मी तीनदा कार्बन बदलला, सील एकदाही नाही. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक असल्याने हा प्रश्न येत नाही, पण छोट्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावे.

डिचोलीचा टिप्परवाला:
बॉडी ते ब्लॉक ०.८ निघाले, उरलेल्या दोन तुकड्यांत मिळून ०.१. बोल्ट काढले तर ब्रॅकेटवर काळ्या रंगाचा जाड थर होता. घासून, पक्के आवळून पुन्हा मोजल्यावर तो लॉस ०.१ च्या खाली आला. प्लसच्या तारेचे लग हिरवे पडले होते, ते नवे दाबून घेतले. लोडवर बॅटऱ्यांपाशी आता २७.८ मिळतात. १२ व्होल्टच्या तारेत सर्व बंद असताना ०.३ अँपियर जात होते. म्युझिकचा अँप्लिफायर थेट जोडलेला निघाला, तो काढल्यावर फक्त जीपीएसचा किरकोळ करंट उरला. ड्रायव्हर म्हणतो, दर महिन्याला बॅटऱ्यांची अदलाबदल केली तर पुरेल. पुरेल का?

जुना वायरमन, फोंडा:
०.३ अँपियर म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतच्या ३६ तासांत जवळपास ११ अँपियर-तास, तेही आधीच अर्ध्या उतरलेल्या बॅटरीतून. अदलाबदल ही जुनी युक्ती आहे. तिने बिघाड दोघींत वाटला जातो, थांबत नाही. २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर फ्यूजसह बसवा आणि १२ व्होल्टचे सर्व सामान त्यावर घ्या. मात्र त्याआधी चासीकडची बॅटरी गाडीतून सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकटी पूर्ण भरून घ्या आणि एक दिवस तशीच ठेवून मोजा. १२.६ वर टिकली तर तीच चालवा. घसरली तर तिच्या जागी एकच नवी घालण्याचा मोह टाळा, कारण नवी आणि थकलेली एकत्र जोडली की हाच असमतोल पुन्हा सुरू होतो.