आर्ट्स अँड क्राफ्ट्सची घरं : साधेपणा की श्रीमंतांचे चोचले?

विटकर
लंडनला बहिणीकडे गेलेलो तेव्हा बेक्सलीहीथचं रेड हाऊस बघून आलो, आर्ट्स अँड क्राफ्ट्स, म्हणजे कारखानी मालाऐवजी हाताच्या कारागिरीला मान देणाऱ्या इंग्लंडमधल्या चळवळीचा म्होरक्या विल्यम मॉरिस, त्याच्यासाठी त्याच्या आर्किटेक्ट मित्राने, फिलिप वेबने, १८५९-६० मध्ये बांधलेलं. घर देखणं आहे, वाद नाही. लाल वीट गिलावा न करता उघडी ठेवलेली, वर उतरती कौलं, अंगणात विहीर आणि तिच्यावर टोपीसारखं निमुळतं छप्पर. पण गाईडबाई हाताचं काम, कारागिराचा सन्मान, साधी राहणी हे इतकं ऐकवतात की शेवटी डोकं फिरलं. मॉरिसकडे बापाने घेतलेल्या तांब्याच्या खाणीच्या शेअर्सचा पैसा येत होता, त्याच्यावर साधं राहणं कोणालाही जमेल. आणि १८६५ ला घर विकून मोकळा! माझं म्हणणं, घरांच्या बाबतीत ही चळवळ फेल गेली, मजुराला खोली मिळाली नाही आणि पैसेवाल्यांना बंगले मिळाले.

पटाशी
घर विकलं म्हणून फेल? अहो, त्याला आजारपण आलं, त्यात रोज लंडनला ये-जा झेपेना. आमचा सुतारकामाचा धंदा आहे, आज गिऱ्हाईक म्हणतं प्लाय मारा, वर सनमायका चिकटवा, आतलं कोणाला दिसतंय. वेबने उलटं केलं, बाहेरून खिडक्यांच्या जोड्या जुळतात का ते न बघता आत उजेड कुठे पाहिजे ते बघून खिडक्या काढल्या, म्हणून त्या घराला कुठे लांबट खिडकी तर कुठे चक्क गोल. १८५९ ला असं करायला छाती लागते.

विटकर
छाती लागते मान्य, पण पैसे कोणाचे? याच चळवळीतली इंग्लंडमधली पुढची घरं बघा. ब्लॅकवेल हे मँचेस्टरच्या बिअरवाल्याचं सुट्टीतलं घर, स्टँडेन हे लंडनच्या वकिलाचं गावाकडचं घर, तिथे नोकरांसाठी वेगळा भाग. श्रीमंतांच्या चैनीची चाकरी करतोय म्हणून मॉरिस स्वतःच चिडायचा असं सांगतात, मग मी चिडलो तर काय बिघडलं.

पासाडेनाकर
इकडचं, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचं गॅम्बल हाऊस (१९०८, आर्किटेक्ट ग्रीन बंधू) मी दोनदा बघितलंय. मालक प्रॉक्टर अँड गॅम्बल घराण्यातला, म्हणजे साबणाचा पैसा, तेव्हा विटकर अर्धे बरोबर. पण त्या जिन्यापाशी जरा उभं राहा. सागवानी कठडा पायरीपायरीने वर चढत जातो, लाकडात लाकूड अडकवलेलं, आणि एक कोपरा टोचेल असा नाही, सगळे घासून गोल केलेले. हात फिरवावासा वाटतोच, आणि फिरवला की गाईड डोळे वटारते 😄

पटाशी
कोपरा मारायला किती वेळ जातो ते आम्हाला विचारा. रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. आता एवढ्या वेळाची मजुरी द्यायला कोणी तयार नाही.

विटकर
म्हणजे माझाच मुद्दा झाला की! साबणवाल्यालाच परवडतं.

ओटा_आणि_मी
तुम्ही दोघं मोठ्यांच्याच घरात अडकलात. अमेरिकेत स्टिकली नावाचा फर्निचरवाला १९०१ ते १९१६ मासिक चालवायचा, त्यात घरांचे प्लॅन छापायचा. सिअर्स कंपनी तर १९०८ पासून अख्खं घर कॅटलॉगमधून विकायची, पुढे तर मापात कापलेलं लाकूड आणि खिळेही रेल्वेने यायचे. ही बंगलो घरं (शब्द आपल्या बंगल्याचाच सख्खा भाऊ) नोकर नसलेल्या बाईला आवरता यावीत अशी होती, सगळं एका मजल्यावर, कपाटं भिंतीतच बसवलेली. सुट्या उभ्या कपाटामागचा कचरा काढून बघा, मग कळेल हा केवढा शोध आहे.

विटकर
पण ते लाकूड मशीनवर कापलेलं ना? मग हाताच्या कामाचं काय झालं?

ओटा_आणि_मी
मशीनने कापलं म्हणूनच परवडलं. मॉरिसचा राग यंत्रापेक्षा माणसाला यंत्र बनवणाऱ्या कामावर होता.

पटाशी
ताई, मशीन आमच्याकडेही आहे. पण भिंतीतल्या कपाटाचं दार शेवटी हातानेच बसवावं लागतं, भिंत कधीच ओळंब्यात नसते.

विटकर
कपाटांचं मान्य. बाकीचं नाही. आणि त्या गाईडबाईंबद्दलची तक्रार कायम आहे.