ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब पास-फेलवर घ्यावी का? (अमेरिका, मेडिकल स्कूलचा अर्ज)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे मेडिकलला जायचं तिचं नक्की आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन भाग आहेत: थिअरी ४ क्रेडिट, लॅब १ क्रेडिट. ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) दोन्हीची ग्रेड वेगळी येते. थिअरीत ए मायनसच्या आसपास आहे, लॅबमध्ये मात्र सी प्लसवर अडकली आहे. अर्धे प्रयोग अजून व्हायचेत. लॅब पास-फेलवर टाकायची, म्हणजे अक्षरी ग्रेडऐवजी नुसता पास ('पी') किंवा नापास घ्यायची, मुदत पुढच्या शुक्रवारी संपते.

वर्गातली मुलं म्हणतात, एका क्रेडिटपायी जीपीए (ग्रेडची सरासरी) कशाला खाली आणायचा, पास घेऊन मोकळी हो. मेडिकल स्कूलवाले त्या 'पी'कडे कसं बघतात? आत्ता एकूण जीपीए ३.७० आहे (६० क्रेडिट) आणि विज्ञानाचा ३.६० (३० क्रेडिट).

अणुरेणू

ताई, ग्रेडच घेऊ द्या. आधी हिशेब मांडतो, कारण धास्ती जीपीएचीच आहे.

ॲमकास (एमडी ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचा सामाईक अर्ज) सी प्लसला २.३ धरतं. विज्ञानाचे ३० क्रेडिट गुणिले ३.६० म्हणजे १०८. त्यात २.३ मिळवून ३१ ने भागा: ३.५६. एकूण जीपीए याच रीतीने ३.६८ येतो. म्हणजे विज्ञानात ४ शतांश आणि एकूणात २ शतांश गेले. लॅब सुधारून बी आली तर विज्ञान ३.५८. पास-फेलवर टाकून वाचतं ते एवढंच, कारण 'पी' ॲमकासच्या कुठल्याच जीपीएत धरत नाहीत. त्याचे क्रेडिट वेगळ्या रकान्यात दिसतात.

आता जातं काय ते बघा. दोन सत्रं ऑरगॅनिक, लॅबसकट, ही बऱ्याच मेडिकल स्कूलांची पूर्वअट असते. अशा विषयात त्यांना अक्षरी ग्रेड लागते आणि ती बहुतेक ठिकाणी सी किंवा वर. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा, टीएमडीएसएएस नावाचा. तिथेही पूर्वअटीच्या विषयांना सी किंवा वर हवी, सी मायनस चालत नाही. 'पी' ही ग्रेड 'निदान सी होती' असं सिद्ध करत नाही, कारण पासची रेषा कॉलेजागणिक बदलते. कॅलिफोर्नियात यूसीएलएत पास म्हणजे सी किंवा वर, बर्कलीत सी मायनस किंवा वर. एकाच राज्याच्या एकाच विद्यापीठ-व्यवस्थेतल्या दोन कॅम्पसची ही गोष्ट.

म्हणून सी प्लस मिळवणाऱ्या मुलीला पास-फेलचा फायदा जवळजवळ नाहीच. सी प्लसने पूर्वअट पुरी होते, 'पी'ने ती अधांतरी राहते. डी आली असती तर बऱ्याच ठिकाणी पास-फेलवरही नापासच, पूर्वअट तशीही गेली. फायदा दिसतो तो फक्त सीच्या खालच्या, पण पासच्या रेषेवरच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि तिथे तो 'पी' मेडिकल स्कूलच्या अटीत बसत नाही.

शिवाय अर्ज वाचणाऱ्याला एकाच सत्रात थिअरीला ए मायनस आणि शेजारी लॅबला 'पी' दिसतं. त्यामागे कोणती ग्रेड होती हे त्याला कळत नाही, आणि अशा वेळी चांगलं कुणी धरून चालत नाही.

उंबरठा

अणुरेणू यांच्याशी पूर्ण सहमत. मुदतीआधी कॉलेजच्या नियमांतल्या आणखी काही गोष्टी तपासून घ्या, एरवी त्या उशिरा ध्यानात येतात.

मेजरच्या (पदवीच्या मुख्य विषयाच्या) कोर्सना पास-फेल बहुतेक कॉलेजांत चालत नाही. मुलगी केमिस्ट्री किंवा बायोलॉजी मेजर करत असेल तर 'पी' मिळालेली लॅब मेजरमध्ये धरली न जाण्याची शक्यता मोठी. बायोकेमिस्ट्रीसारख्या पुढच्या कोर्सलाही 'ऑरगॅनिकमध्ये सी किंवा वर' अशी अट असू शकते.

सगळ्यात जाचक नियम पुन्हा बसण्याचा. कॅलिफोर्नियाच्या यूसीमध्ये (यूसीएलए आणि बर्कली याच विद्यापीठाचे) साधारणपणे डी, एफ किंवा एनपी (पास नाही) मिळालेला कोर्सच पुन्हा करता येतो. 'पी' मिळालेला कोर्स उत्तीर्ण समजला जातो आणि ते दार बंद होतं. इतर कॉलेजांतही अशाच धर्तीचे नियम सापडतात. म्हणजे उद्या एखाद्या मेडिकल स्कूलने 'पी' नाकारला तर तीच लॅब त्याच कॉलेजात ग्रेडसाठी करता येईलच असं नाही.

ग्रेड सीच्या खाली घसरणार हे स्पष्ट झालं तर पास-फेलपेक्षा विथड्रॉ (कोर्स मध्येच सोडणं, ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू') बरा. एखादा 'डब्ल्यू' जीपीएत येत नाही आणि लॅब पुढच्या सत्रात ग्रेडसाठी नव्याने घेता येते. एकाने काही बिघडत नाही, तीनचार झाले की प्रश्न विचारले जातात. मात्र थिअरी सोडल्याशिवाय एकटी लॅब सोडता येते का हे आधी विचारा. काही कॉलेजांत दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. क्रेडिट १२ च्या खाली गेले तर विद्यार्थी पूर्णवेळ राहत नाही आणि आर्थिक मदतीवर परिणाम होतो, तेही बघा. ॲमकासमध्ये कोर्स पुन्हा केला तर दोन्ही प्रयत्न जीपीएत धरतात, त्यामुळे 'आधी डी येऊ दे, मग सुधारू' हा मार्ग महागाचा.

रजिस्ट्रारला आजच लिहा, लेखी उत्तर मागा. प्रश्न तीनच: पासची किमान ग्रेड कोणती, पी मिळाल्यावर तोच कोर्स ग्रेडसाठी पुन्हा घेता येतो का, आणि विथड्रॉची मुदत कधी.

काचनळी

ग्रेड कशी वाढेल याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. अर्धे प्रयोग बाकी असताना सी प्लसची बी होणं अवघड नाही. मी लॅबचे रिपोर्ट तपासते. मुलांचे मार्क जातात ते हात वाईट म्हणून नव्हे, ठराविक चुकांमुळे.

आधी सिलॅबसमध्ये मार्कांची वाटणी बघायला सांगा. प्री-लॅब (प्रयोगाआधीची लेखी तयारी), वही, रिपोर्ट, क्विझ, शेवटचं प्रॅक्टिकल. प्री-लॅबचे मार्क पूर्ण मिळण्यासारखे असतात आणि तेच सर्वांत जास्त सोडले जातात, कारण ते प्रयोगाच्या आदल्या रात्री घाईत लिहिले जातात. वापरणार त्या प्रत्येक रसायनाचा रेणुभार, वितळणबिंदू किंवा उत्कलनबिंदू, घनता आणि धोका यांचा तक्ता दोन दिवस आधी तयार हवा.

आता प्रत्यक्ष टेबलावर. बेंझोइक ॲसिडचं रीक्रिस्टलायझेशन (गरम पाण्यात विरघळवून, निववून शुद्ध स्फटिक काढणं) घ्या, जवळपास प्रत्येक ठिकाणी असतं. २५ अंशाला एक लिटर पाण्यात ते साधारण ३.४ ग्रॅम विरघळतं. एक ग्रॅम नमुन्यासाठी उकळतं पाणी २५ मिली वापरलं तर थंड झाल्यावर पाण्यात ०.०९ ग्रॅमच्या आत राहतं. मुलं घाबरून १०० मिली ओततात, आणि ०.३४ ग्रॅम, म्हणजे एक तृतीयांश माल, गाळलेल्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो. मग यील्ड (हाती आलेला माल) ६० टक्के आली की रिपोर्टात 'मानवी चूक' लिहितात. त्याला मार्क नाहीत. 'पाणी १०० मिली वापरलं, विद्राव्यतेनुसार ०.३४ ग्रॅम द्रावणात राहिलं' असं लिहिलं तर यील्ड कमी असूनही चर्चेचे पूर्ण मार्क मिळतात. हे तिला नक्की सांगा.

पाणी थोडं थोडं, उकळतं असतानाच घालायचं आणि सगळं विरघळलं की थांबायचं. न विरघळणारी घाण दिसली तर तिच्यासाठी आणखी पाणी घालत बसायचं नाही, ती गरम असताना गाळायची. फ्लास्क आधी टेबलावरच हळूहळू निवू द्यायचा, मग बर्फात. थेट बर्फात ठेवला तर स्फटिक बारीक येतात आणि अशुद्धी आत अडकते. स्फटिक येतच नसतील तर काचेच्या कांडीने द्रावणाच्या पातळीशी आतून ओरखडा द्यायचा.

दुसरी चूक मेल्टिंग पॉइंटची. शुद्ध बेंझोइक ॲसिड १२२ अंशाला वितळतं. ११५ ते १२० अशी रुंद रेंज आली तर बहुतेक वेळा नमुना ओला असतो. व्हॅक्यूमवर आणखी दहा मिनिटं हवा खेचू द्यायची, शक्य असेल तर पुढच्या तासापर्यंत वाळवायचं. कॅपिलरीत (बारीक काचनळीत) २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरायचं नाही. अपेक्षित तापमानाच्या १५ अंश अलीकडे आलं की तापवण्याचा वेग मिनिटाला १-२ अंशांवर आणायचा. शंभर टक्क्यांवरची यील्ड हीदेखील ओल्या नमुन्याचीच खूण. तो आकडा खोडायचा नाही, कारण लिहायचं.

सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमीथेन पाण्याखाली बसतं, ईथर वर तरंगतं. चुकीचा थर फेकला की प्रयोग संपला. शेवटचं वजन होईपर्यंत दोन्ही थर लेबल लावून ठेवायचे.

आणि या आठवड्यातच टीएच्या (लॅब शिकवणाऱ्या सहाय्यकाच्या) ऑफिस अवर्सला जुने दोन रिपोर्ट घेऊन जाऊ द्या. "इथे मार्क कशाचे गेले" एवढंच विचारायचं. मार्क वाढवून मागायचे नाहीत.

दूरदेशी

मध्येच विचारतो. माझं बी.एस्सी. मुंबई विद्यापीठाचं, प्रॅक्टिकल सगळी झालेली आहेत. आता ग्रीन कार्डावर आहे आणि इथे मेडिकलची तयारी करायची आहे. लॅब पुन्हा कराव्या लागतील का? लागल्या तर पास-फेल चालेल का? ग्रेड आधीच भारतात मिळालेल्या आहेत.

अणुरेणू

दूरदेशी, ॲमकास परदेशी कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट पडताळत नाही आणि ते विषय जीपीएत धरत नाही. तुमच्या बाबतीत इथला विज्ञानाचा जीपीए शून्यापासून सुरू होतो, म्हणून प्रत्येक अक्षरी ग्रेड लाखमोलाची. एकही लॅब पास-फेलवर घेऊ नका. बहुतेक मेडिकल स्कूलांना पूर्वअटी अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातूनच हव्या असतात. अर्ज करायच्या दहाबारा कॉलेजांची यादी आधी करा, एमएसएआर या एएएमसीच्या (मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) संकेतस्थळावर प्रत्येकाच्या लॅबच्या अटी वाचा, मग कोर्स निवडा.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. रजिस्ट्रारचं उत्तर आलं: पास म्हणजे सी किंवा वर, पी मिळाल्यावर तोच कोर्स पुन्हा घेता येत नाही, विथड्रॉची मुदत अजून तीन आठवडे आहे. मुलगी ग्रेडवरच राहतेय. काचनळीताई, तुमचं उत्तर तिने छापून वहीत चिकटवलंय.

एक शंका उरली. तिच्या मैत्रिणीची फिजिक्सची लॅब मागच्या वर्षीच 'पी' झाली आहे. तिने काय करावं?

उंबरठा

पहिलं, तो पास-फेल ऐच्छिक होता की सक्तीचा हे बघा. काही कॉलेजांत लॅब सगळ्यांनाच पास-फेल असते. एमआयटीत पहिल्या सत्राला ट्रान्स्क्रिप्टवर अक्षरी ग्रेड येतच नाहीत, स्वार्थमोरमध्येही पहिलं सत्र क्रेडिट-नो क्रेडिटवर असतं. मेडिकल स्कूलांना हे ठाऊक आहे आणि ते चालतं. २०२० च्या वसंत सत्रात करोनामुळे बऱ्याच ठिकाणी सूट होती. तो दाखला आज कुणी देत असेल तर तो लागू नाही.

ऐच्छिक असेल तर मैत्रिणीने फिजिक्सची दुसऱ्या सत्राची लॅब ग्रेडसाठी घ्यावी आणि तिथे चांगली ग्रेड आणावी. यादीतल्या प्रत्येक मेडिकल स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला अर्जाच्या आधी ईमेल करावी: कोर्सचा क्रमांक, क्रेडिट, आपल्या कॉलेजात पी म्हणजे किमान कोणती ग्रेड, आणि हा कोर्स पूर्वअट म्हणून चालेल का. उत्तरं जपून ठेवावीत. नाही म्हणणारी कॉलेजं यादीतून काढावीत किंवा वरच्या पातळीची फिजिक्सची लॅब चालेल का हे त्याच ईमेलमध्ये विचारावं. कॉलेजात प्री-हेल्थ कमिटी (मेडिकलला जाणाऱ्यांची शिफारस करणारी समिती) पत्र देत असेल तर पासच्या किमान ग्रेडचा उल्लेख त्या पत्रात करायला सांगावं.

ॲमकास भरताना ट्रान्स्क्रिप्टवर जे छापलंय तेच लिहायचं, म्हणजे 'पी'. लॅब स्वतंत्र कोर्स असेल तर तिची ओळही स्वतंत्र. प्रोफेसरांनी तोंडी "तुझी बी प्लस होती" असं सांगितलं असलं तरी ती तिथे लिहायची नाही, कारण प्रत्येक ओळ अधिकृत ट्रान्स्क्रिप्टशी ताडून बघतात. खूप चुका निघाल्या तर अर्ज परत येतो आणि ऐन हंगामात आठवडे वाया जातात.