अनंतातले लहानमोठेपण गावातल्या श्रोत्यांना कसे समजावून सांगावे?

प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गेल्या वर्षी २२ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय गणित दिनी, आमच्या गावच्या वाचनालयात मी अनंत संचांवर व्याख्यान दिले. समोर नववी-दहावीची मुले, निवृत्त शिक्षक, शेतकरी आणि दोन-तीन अभियंते होते. गावातले कीर्तनकार बुवाही आवर्जून आले होते. नैसर्गिक संख्या आणि सम संख्या यांच्यात एकास एक संगती, म्हणजे प्रत्येकीला नेमकी एक जोडीदार, लावता येते, म्हणून त्या ‘तितक्याच’ आहेत, इथपर्यंत सगळे माझ्याबरोबर होते. त्यानंतर वास्तव संख्यांची, म्हणजे दशांश रूपात लिहिता येणाऱ्या सर्व संख्यांची, पूर्ण यादी करता येत नाही, ही गणितज्ञ गेओर्ग कँटर यांची सिद्धता मी फळ्यावर मांडली : यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक बदलावा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, अशी तयार होणारी संख्या यादीत कुठेच नसते. त्यावर एका शेतकऱ्यांनी विचारले, “राहिली ती एकच संख्या ना? मग तीही यादीत घालून टाका.” माझे उत्तर त्यांना पटले नाही आणि मलाही ते तोकडेच वाटले. एका अभियंत्यांनी ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या असल्याकडे, म्हणजे अंक बदलूनही संख्या तीच राहू शकते याकडे, लक्ष वेधले, तेव्हा उरलेला वेळ त्यातच गेला. शेवटी बुवा म्हणाले की पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते, मग अनंतात लहानमोठे कसे असेल?

यंदा तोच विषय पुन्हा घ्यावा, असा वाचनालयाचा आग्रह आहे. सिद्धतेचा गाभा न गमावता इतक्या निरनिराळ्या श्रोत्यांपुढे हे कसे मांडावे?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका)

सर, सुरुवात संख्यांपासून न करता पंगतीपासून करून पाहा. प्रत्येक पानावर एक माणूस बसला आहे, एकही पान रिकामे नाही आणि एकही माणूस उभा नाही, एवढे दिसले की पाने आणि माणसे सारखीच आहेत हे मोजल्याशिवाय कळते. कँटर यांनी ‘तितकेच’ या शब्दाला दिलेला अर्थ हाच आहे आणि तो कोणत्याही श्रोत्याला शिकवावा लागत नाही. मग पंगत न संपणारी आहे असे समजा. नवा पाहुणा आला, तर प्रत्येकाने एक पान पुढे सरकावे. पहिले पान मोकळे होते आणि कोणी उठत नाही. गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांच्या अनंत खोल्यांच्या हॉटेलातली युक्ती हीच आहे.

बुवांच्या आक्षेपाला मात्र मी फार मान देईन. गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये हीच अडचण मांडली होती. प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडता येतो, म्हणजे वर्ग संख्यांइतकेच आहेत. पण पुष्कळ संख्या वर्ग नसतात, म्हणजे वर्ग कमी आहेत. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की कमी, जास्त, समान हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. बुवांचे म्हणणे त्याच्या अगदी जवळचे आहे. त्यांना सांगावे की नैसर्गिक संख्यांतून सम संख्या काढून घेतल्या तरी विषम संख्या उरतात आणि त्याही तितक्याच असतात, तेव्हा इथे तुमचे वचन खरे ठरते. पुढचा प्रश्न एवढाच आहे की प्रत्येक अनंत संच याच एका पंगतीत बसतो का.

एक सूचना शब्दांबद्दल. ‘गणनीय अनंत’ हा शब्दप्रयोग व्याख्यानात टाळावा. ऐकणाऱ्याला गणनीय म्हणजे मोजून संपणारे असे वाटते, आणि मग अनंत शब्दाशी त्याचा मेळ बसत नाही. ‘यादीत बसणारे’ असे म्हटले की मुलांना लगेच कळते.

प्रतिसाद २ (विद्यापीठात गणिताचे अध्यापन)

वरच्या प्रतिसादातली पंगत मला फार आवडली, पण त्या शेतकऱ्यांचा प्रश्न तिच्यातूनच निघतो, हे ध्यानात ठेवायला हवे. नवा पाहुणा आला तरी सर्वांना सरकवून त्याला बसवता येते, हे आपणच आधी शिकवलेले असते. मग राहिलेली संख्या यादीत का बसू नये? ती बसतेच, आणि हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. कँटर यांचे म्हणणे ‘ही यादी अपुरी पडली’ असे नसून ‘कोणतीही यादी अपुरीच पडते’ असे आहे. त्या गृहस्थांनी नवी संख्या घालून दुसरी यादी केली, की तीच रीत त्या दुसऱ्या यादीला लावून आणखी एक राहून गेलेली संख्या दाखवता येते. पंगतीत कशीही बसण्याची व्यवस्था केली तरी कोणी ना कोणी उभा राहतोच, असे म्हटले की फरक दिसतो. माझ्या मते व्याख्यानाचा निम्मा वेळ या एका वाक्यावर खर्च करावा.

दशांश अपूर्णांक तर पूर्ण सोडून द्यावेत. खुद्द कँटर यांनी १८९१ च्या सिद्धतेत केवळ दोन चिन्हांच्या न संपणाऱ्या ओळी घेतल्या होत्या, त्यामुळे ०.४९९९… चा वाद तिथे उद्भवतच नाही. आपल्याकडे वृत्ते शिकलेल्यांना लघू आणि गुरू ही दोन चिन्हे आयती मिळतात. पाच जणांना फळ्याशी बोलावून प्रत्येकाला पाच अक्षरांची ओळ लिहायला सांगा. समजा ओळी अशा आल्या :

ल ग ग ल ग
ग ग ल ग ल
ल ल ल ल ल
ग ल ग ग ल
ल ग ल ग ग

कर्णावर, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरपे वाचल्यास, ल ग ल ग ग आले. ते उलटले की ग ल ग ल ल. ही ओळ पहिलीपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी आहे, दुसरीपेक्षा दुसऱ्या, आणि असेच पाचवीपर्यंत. मात्र इथे थांबू नये. पाच अक्षरांच्या ओळी एकूण ३२ होतात, त्यामुळे पाचांबाहेर एखादी सापडण्यात नवल नाही, आणि चतुर विद्यार्थी हे विचारेलच. पाच ओळींवरून केवळ रीत कळते. ओळी आणि यादी दोन्ही न संपणाऱ्या असल्या तरी ती रीत अडत नाही, ही खरी सिद्धता आहे.

प्रतिसाद ३ (संगणक अभियंता)

निवृत्त शिक्षकांसाठी कर्णाच्या सिद्धतेआधी परिमेय संख्यांची (अपूर्णांकांच्या रूपात लिहिता येणाऱ्या संख्यांची) यादी जरूर दाखवावी, नाहीतर अनंत म्हणजे यादी अशक्य असाच समज होतो. अंश आणि छेद यांच्या बेरजेनुसार १/१, मग १/२, २/१, मग १/३, ३/१ असे लिहीत जावे. २/२ आधी येऊन गेलेला असल्याने गाळावा. कोणत्याही दोन परिमेय संख्यांमध्ये आणखी परिमेय संख्या असूनही प्रत्येक धन परिमेय संख्येला यादीत आपला क्रमांक मिळतो, हे पाहून मी स्वतः विद्यार्थी असताना थक्क झालो होतो.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना वेगळी वाट जवळची वाटते. प्रत्येक संगणक प्रोग्राम हा मोजक्या चिन्हांची सांत, म्हणजे कुठेतरी संपणारी, ओळ असतो, म्हणून सगळ्या प्रोग्रामांची लांबीनुसार यादी करता येते. शून्य आणि एक यांच्या न संपणाऱ्या ओळी मात्र यादीत बसत नाहीत. म्हणजे अशा ओळी आहेतच, ज्या कोणताही प्रोग्राम लिहून देऊ शकणार नाही. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये हीच कर्णाची कल्पना संगणनाच्या मर्यादांकडे वळवली. अभियंत्यांना हे सांगितले की अमूर्त वाटणारी सिद्धता त्यांच्या रोजच्या कामाविषयी बोलू लागते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. त्या शेतकऱ्यांचा प्रश्न मी अडथळा समजलो होतो. तो माझ्याच आधीच्या मांडणीतून आलेला योग्य प्रश्न होता, हे आता उमगले. यंदा मी त्यांना आधी भेटून तोच प्रश्न सभेत पुन्हा विचारण्याची विनंती करणार आहे आणि फळ्यावरची पहिली ओळ बुवांना लिहायला सांगणार आहे. परिमेय संख्यांची यादी दहा मिनिटांत बसते का, हे आधी अकरावीच्या वर्गात करून पाहतो.