रॅमचे टायमिंग टाइट करावेत का?

रात्रपाळी: रॅम घेताना सगळे फक्त वेगाचा आकडा ३२०० की ३६०० तेवढंच बघतात, सीएल (मागितलेला डेटा यायला किती क्लॉक लागतात तो आकडा) कुणी बघतच नाही. अहो डीडीआर४ ३२०० चं खरं क्लॉक निम्मं, १६०० मेगाहर्ट्झ (एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा जातो), म्हणजे सीएल२२ असेल तर कॉलम (रॅमच्या जाळीतला उभा रकाना) मागितल्यावर डेटा यायला १३.७५ नॅनोसेकंद आणि सीएल१६ असेल तर १०. वेगाचा आकडा मात्र तोच! एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेलं वेगवान सेटिंग) ऑन करा, जमलं तर टीआरसीडी, टीआरपी (रो म्हणजे जाळीतली आडवी ओळ उघडायचा आणि बंद करायचा वेळ) पण एकेक खाली आणा. पैसे मोजलेत ना, मग वेग वाया का घालवायचा?

तांब्याची_तार: सपशेल असहमत. ते आकडे उगाच सैल ठेवलेले नसतात. एकेक बिट ठेवणाऱ्या सेलमध्ये चार्ज साठवणारा इवलासा कपॅसिटर, रो उघडली की त्याचा चार्ज लांबलचक बिटलाइनवर (सेलना जोडणाऱ्या तारेवर) पसरतो आणि व्होल्टेज जेमतेम हलतं, तेवढ्यावरून सेन्स अँप्लिफायरने ० की १ ते ठरवून पूर्ण ओढायचं, त्याला लागणारा वेळ म्हणजे टीआरसीडी. घाई केली की बिट चुकतो, आणि मशीन बंद पडेलच असं नाही. माझं तेच झालं. हिवाळ्यात टाइट केलेलं सेटिंग एप्रिलपर्यंत मस्त चाललं, मग बॅकअपची झिप उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडलेली. मुलीच्या बारशाचे फोटो होते त्यात.

रात्रपाळी: वाईट झालं खरंच. पण रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला होता का? आणि आता डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुकलेला बिट आपोआप दुरुस्त करायची सोय) आहे की.

तांब्याची_तार: लावला होता, पण थंडीत. आणि डीडीआर५ चं ते ईसीसी चिपच्या आतल्या चुकांपुरतं, चिप ते सीपीयू या वाटेवर बिट बिघडला तर त्याला पत्ताही लागत नाही.

जुना_बोर्ड: दोघांनाही सांगतो, जुन्या डीडीआर ४०० सीएल२ चा हिशोब करा, १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल३०? तेही १०! एवढ्या वर्षांत बँडविड्थ कितीतरी पट झाली पण सेल तिथेच आहे, त्यामुळे सीएलच्या एका पायरीसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. रिफ्रेशकडे (सेलमधला गळणारा चार्ज पुन्हा भरणं) बघा, टीआरएफसी म्हणजे त्याला लागणारा वेळ जास्त असेल तर तेवढा वेळ रॅम काहीच देत नाही, तिथे मिळालं तर मिळतं.

तांब्याची_तार: तिथेही तापमान आलंच, चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो.

रात्रपाळी: बरं, कामाच्या मशीनला हात लावत नाही. गेमिंगच्या पीसीवर मात्र टीआरएफसी उतरवणार, आणि मेमटेस्ट आता मे महिन्यात भर दुपारी, पंखा बंद करून लावतो.