आतडी चिकटून आलेला अडथळा आणि गॅस्ट्रोग्राफिन: पीएचडीच्या प्रोटोकॉलबद्दल शंका

टाकेबखिया: जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटून लहान आतड्यात अडथळा आलेले रुग्ण घेणार आहे. एका गटाला उपाशी ठेवणं, सलाइन, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी). दुसऱ्याला त्याच्या जोडीला गॅस्ट्रोग्राफिन (एक्स-रेत पांढरं दिसणारं, पाण्यात विरघळणारं औषध). मोजणार एकच: ऑपरेशन लागलं की नाही. गाइड म्हणतात, हे मोजमाप टिकणार नाही. का? आणि डोस, एक्स-रेची वेळ काय ठेवू?

आकडेमोड: गाइडचं बरोबर आहे. औषध मोठ्या आतड्यात पोचलं नाही हे सर्जनला एक्स-रेत दिसतं आणि तो पोट लवकर उघडतो. दुसऱ्या गटात ही माहितीच नसते, म्हणून तिथे वाट पाहिली जाते. म्हणजे तुम्ही औषधाचा परिणाम नाही, सर्जनचा निर्णय मोजताय. ऑपरेशन कधी करायचं हे दोन्ही गटांसाठी आधीच लिहून ठेवा: पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह), सीटी स्कॅनमध्ये रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हं, किंवा ७२ तासांत उतार नाही. घड्याळ भरतीपासून नको, गट ठरल्याच्या क्षणापासून सुरू करा. सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल ट्रायल नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी, नंतर नाही.

रायल्सवाला: डोस १०० मिली, ट्यूबमधूनच. आधी किमान दोन तास पोट रिकामं होऊ द्या, डोकं उंच ठेवा. मग ट्यूब २ ते ४ तास बंद. मळमळ वाढली तर लगेच उघडा. घाई इथेच नडते. भरलेल्या पोटात दिलं, उलटी झाली आणि ते फुफ्फुसात गेलं तर पल्मनरी इडिमा (फुफ्फुसात पाणी साचणं) होतो, कारण त्याची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ज्यामुळे ते पाणी ओढतं) रक्ताच्या सहापट आहे. त्याच कारणाने ते आतड्यात पाणी ओढतं, म्हणून सलाइनने तूट आधी भरा, विशेषतः म्हाताऱ्यांत. पोटॅशियम तपासा. ते कमी असेल तर आतडं तसंच सुस्त असतं आणि औषध 'फेल' झाल्यासारखं वाटतं. एक्स-रे ८ आणि २४ तासांनी.

दुर्बीण: सीटी आधी, गॅस्ट्रोग्राफिन नंतर. उलट केलं तर आतड्याच्या पोकळीतलं पांढरं औषध भिंतीचं एन्हान्समेंट (शिरेतून दिलेल्या औषधाने भिंत उजळणं, रक्तपुरवठ्याची खूण) झाकतं, आणि नेमकं तेच बघायचं असतं. क्लोज्ड लूप (आतड्याचा दोन्ही टोकांना बंद झालेला वेढा) दिसला तर तो रुग्ण अभ्यासात घ्यायचाच नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ: पोटाचा टीबी, त्यानेही अडथळा येतो. जुना व्रण आहे म्हणून अडथळा चिकटण्यामुळेच, असं धरू नका. जांघही हाताने तपासा, फिमोरल हर्निया (मांडीच्या वरच्या टोकाशी आतडं बाहेर येणं) तिथे लपून बसतो.

टाकेबखिया: २४ तासांनी औषध मोठ्या आतड्यात नाही, पण पोट मऊ, नाडी ठीक. लगेच उघडायचं?

रायल्सवाला: नाही. २४ तासांत पोचलं तर बहुधा ऑपरेशन टळतं, हा भाग भरवशाचा. पोचलं नाही म्हणजे लगेच चाकू, असं नाही. शक्यता मात्र वाढते. ७२ तासांपर्यंत थांबता येतं, पण दर ४ ते ६ तासांनी त्याच डॉक्टरने पोट तपासायला हवं. दुखणं सतत झालं, ताप किंवा नाडी चढली की एक्स-रेची वाट बघू नका.

आकडेमोड: हे वाक्य तसंच प्रोटोकॉलमध्ये टाका. आणि अडथळा 'सुटला' याचा अर्थ ट्यूब काढली, तोंडाने घेतलं, शौचाला झाली असाच लिहा. आतडी मोकळी झाली असं लिहू नका. चिकटलेलं तसंच राहतं, फक्त वाट उघडते.