नॉर्डलिंगनबद्दल थोडी भर

वर कुणीतरी लिहिलंय की जर्मनीतल्या नॉर्डलिंगन गावाची गोल तटबंदी म्हणजेच उल्केच्या विवराचा काठ. तसं नाही. विवर तब्बल 24 किलोमीटर रुंद आहे आणि गाव त्याच्या पोटात वसलंय. तटबंदी माणसांनी बांधलेली, 14व्या शतकातली, जेमतेम पावणेतीन किलोमीटरची. तिच्यावरून अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते.

विवर दीडेक कोटी वर्षांपूर्वीचं. आधी सगळे त्याला ज्वालामुखीचं समजत. 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या दगडात कोएसाइट हे उल्कापातासारख्या प्रचंड दाबाखालीच बनणारं खनिज सापडलं आणि उल्कापात सिद्ध झाला. आपल्या लोणारवर प्रेम करणाऱ्याने तर हे गाव बघायलाच हवं!

सेंट जॉर्ज चर्चचा 90 मीटर उंच मनोरा, लाडाचं नाव 'डॅनियल', त्याच आघातात वितळून-चुरडून घडलेल्या सुएव्हाइटचा आहे. राखाडी दगड, त्यात काळपट काचेचे तुकडे, आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरेही. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने वरून पहारेकरी 'सो, ग्सेल, सो' अशी हाळी देतो. मुक्काम केलात तर खिडकी उघडी ठेवा.