मदत हवी आहे: टोकन घेतलं, आता आधी रजिस्ट्रेशन की आधी कर्जफेड?

कोथरूडमधला आमचा टू बीएचके ८२ लाखांना ठरला. १ लाखाचं टोकन चेकने घेतलं, साध्या कागदावर पावती दिली. माझ्या कर्जाचे ११ लाख बाकी आहेत, म्हणून मूळ करारनामा बँकेत अडकलाय. खरेदीदारही कर्ज काढतोय. त्याची बँक मूळ कागद मागते, माझी म्हणते आधी कर्ज फेडा! फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे ते सांगणारं माझ्या बँकेचं पत्र) आणि बँकेकडच्या कागदांची यादी आणून दिली, सोसायटीची एनओसीही आहे. १ टक्का टीडीएस तो कापून भरणार. पदरचे ११ लाख भरणं मला शक्य नाही. एजंट म्हणतो, 'रजिस्ट्रेशन उरकून टाका, पैसे येतातच.' मला काही ते पटत नाही.

खरेदीदाराच्या बँकेकडून थेट स्वतःच्या कर्जखात्यावर डीडी घेतलेलं कुणी आहे का? तो नोंदणीआधी मिळाला की नंतर? नंतर असेल, तर करारात कोणती अट घालून घेतलीत?